ड्रायव्हरच्या दाराचा तिसरा स्क्रू

अमरावतीच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मी सव्वीस वर्षं मशीन डिझाइन शिकवतोय. त्यातले दोन आठवडे दर वर्षी स्क्रूचे असतात. आटे, आट्यांचा कोन, घर्षण, घट्ट बसलेला स्क्रू आपोआप सैल का होत नाही, हे सगळं मी फळ्यावर इतक्या सुबक आकृत्या काढून शिकवतो की मागच्या बाकावरची पोरंसुद्धा फोटो काढून घेतात. या सव्वीस वर्षांत प्रत्यक्ष किती स्क्रू काढले, हे मला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर चष्म्याच्या दांडीचा एक सांगता आला असता. तोही शेवटी चष्मेवाल्यानंच काढून दिला होता.

माझी सासुरवाडी अकोल्याची. सासऱ्यांना मी मामाजी म्हणतो. ते पातूरच्या एका शाळेत हेडमास्तर होते आणि अकोल्याहून रोज स्वतःच्या गाडीनं जायचे. गाडी म्हणजे फिकट हिरवी पद्मिनी. रविवारीही गाडीला सुट्टी नसे. पुढच्या सीटवर लेकीला बसवायचं, मागच्या सीटवर सासूबाई आणि ठेचा-भाकरीचा डबा, आणि निघायचं पातूरच्या लेण्यांकडे. ती लेक म्हणजे माझी बायको. लग्नानंतर पहिली पाच वर्षं मी त्या लेण्यांबद्दल इतकं ऐकलं की बघायची गरजच उरली नाही. मामाजी रिटायर झाले, पुढे गाडी घरामागच्या टिनाच्या शेडमध्ये गेली आणि तिथेच बारा वर्षं उभी राहिली.

मग डोळ्यांच्या डॉक्टरांनी मामाजींना सरळच सांगितलं की पडदा झिजत चाललाय. आत्ता दिवसा, हळू, जवळपास चालवायला हरकत नाही. पण लायसन्स संपलं की पुढच्या सर्टिफिकेटवर मी सही करणार नाही. लायसन्स संपत होतं पोळ्याच्या तिसऱ्या दिवशी. मामाजींनी घरी येऊन लायसन्स टेबलावर ठेवलं आणि मिस्त्रीला बोलावणं धाडलं. त्यांना एकच गोष्ट करायची होती. लेकीला शेजारी बसवून, स्वतः चालवत, एकदा पातूरला जाऊन यायचं. हे त्यांनी आम्हाला फोनवर सांगितलं, आणि बायको नंतर बराच वेळ गॅलरीत उभी राहिली.

मिस्त्री साठीचा, कमी बोलणारा, पातूरच्या शाळेत मामाजींच्या हाताखाली शिकलेला. त्यानं महिनाभरात इंजिन खोललं, ब्रेक बसवले, गंजलेले पत्रे कापून नवे जोडले, तोच हिरवा रंग शोधून आणून मारला. राहिलं होतं ड्रायव्हरचं दार. ते लागायचं नाही. दाराचं कुलूप ज्यात जाऊन अडकतं ती गाडीच्या चौकटीच्या खांबावरची लोखंडी पट्टी झिजली होती. वळणावर दार उघडेल आणि ड्रायव्हर रस्त्यावर पडेल, अशी अवस्था. पट्टी तीन स्क्रूंवर होती. मिस्त्रीनं दोन काढले. तिसऱ्यावर तेल सोडलं, हातोडीनं दोन हलके ठोके मारले आणि म्हणाला, "आज राहू द्या. उद्या पायतो."

नेमका त्याच दिवशी मी तिथे पोचलो.

अधिक महिना होता. बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, अधिक महिन्यात आमच्याकडे जावयाला जेवायला बोलावतात, तेहतीस अनारसे देतात, पुरणाचे धोंडे खाऊ घालतात आणि त्याला साक्षात विष्णू मानतात. एरवी तो दहावा ग्रह असतो, हे त्या महिन्यापुरतं कुणी काढत नाही. वऱ्हाडात जावई उंबऱ्यात आला की घरातली अक्कल मागच्या दारानं निघून जाते. जावई म्हणाला भाजीत मीठ नाही, तर मीठ पडतं. जावई म्हणाला आज मंगळवार, तर कॅलेंडर उलटं करून ठेवतात. इतर प्रांतांतही जावयाचा मान ठेवतात, नाही असं नाही, पण आमच्यासारखा जीव धोक्यात घालून नाही.

मामाजींच्या बाबतीत तर हे जास्तच उठून दिसायचं, कारण त्यांची जीभ म्हणजे चालती छडी. ज्याला ते बोलले नाहीत असा माणूस अकोल्यात सापडायचा नाही. दूधवाला, पोस्टमन, सासूबाई, लेक, शाळा तपासायला आलेले साहेब, सगळ्यांची त्यांनी हजेरी घेतलेली. मिस्त्रीला तर साठाव्या वर्षीही "बह्याडा, पाना सरका धर" असं ऐकावं लागे, आणि बह्याड, म्हणजे वेडपट, म्हणवून घेऊन तो हसत पाना सरळ धरी. सत्तावीस वर्षांत त्या तोंडून एक शब्द ज्याच्यावर पडला नाही असा या पृथ्वीवर एकच इसम होता, तो मी. याचं कारण माझी योग्यता, असं मी धरून चाललो होतो.

तर धोंडे खाऊन, बोटांना तूप असतानाच, मी शेडमध्ये गेलो. एक स्क्रू अडलाय म्हटल्यावर माझ्यातला मशीन डिझाइनवाला जागा झाला.

"एकच राहिलाय? आणा इकडे," मी म्हणालो.

मिस्त्रीनं मामाजींकडे पाहिलं. मामाजींनी मिस्त्रीकडे पाहिलं. मग मिस्त्रीनं एक जाड, काळा, बोथट दिसणारा पेचकस माझ्यापुढे धरला. त्याच्या पेटीत एक नवा, पिवळ्या मुठीचा, चकचकीतही होता. मी तो घेतला.

"जवाईसाहेब, तो थोडा लहान पडते," मिस्त्री हळूच म्हणाला.

"प्रश्न बलाचा नाही, कोनाचा आहे," मी म्हणालो.

आणि पिळला. स्क्रूच्या डोक्यावर अधिकच्या चिन्हासारखी खाच असते, तिच्यात पेचकसाचं टोक घट्ट बसावं लागतं. माझं टोक लहान. ते खाचेतून निसटलं, मी पुन्हा घातलं, पुन्हा पिळलं, पुन्हा निसटलं. पाच मिनिटांत अधिकचं चिन्ह गेलं आणि तिथे एक गोल, गुळगुळीत, चमकदार वाटी तयार झाली. चटणी वाढता आली असती. अशा स्क्रूला मग कुठलाच पेचकस धरत नाही. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मी घाम पुसला आणि म्हणालो, "धातूच हलका वापरलाय."

मामाजी म्हणाले, "असन."

असेल, इतकंच. ज्या माणसानं पोरांना वहीची घडी चुकली म्हणून कोपऱ्यात उभं केलं, तो म्हणाला, "असन." मला तेव्हाच कळायला हवं होतं. पण मी काय केलं? मी जाहीर केलं, "याला आता कुणी हात लावू नका. हा मीच काढणार. पुढच्या रविवारी सगळी तयारी करून येतो." मिस्त्री चपलेनं जमीन उकरत होता. मामाजी गाडीकडे बघून म्हणाले, "बरं. तुमी म्हंता तसं." पोळ्याला अजून सहा रविवार होते. मी बोटांवर मोजलेही होते.

पुढचा आठवडाभर मी अभ्यास केला. मोबाइलवर अडकलेले स्क्रू काढणाऱ्या लोकांची एवढी मोठी दुनिया आहे याची मला कल्पना नव्हती. एक गोरा माणूस खाचेवर रबर ठेवून अलगद स्क्रू काढतो आणि कॅमेऱ्याकडे बघून हसतो. मी बडनेऱ्याहून रविवारच्या गाडीनं, पिशवीत पेन्सिलच्या डब्यातली रबरं घेऊन अकोल्याला गेलो. आमच्या स्क्रूनं ती रबरं खाल्ली. त्यापुढच्या रविवारी छिन्नी नेली. डोक्याच्या कडेला तिरपी लावून ठोकायची, म्हणजे स्क्रू फिरतो, असं एका दुसऱ्या माणसानं दाखवलं होतं. माझी छिन्नी घसरली आणि नव्या हिरव्या रंगावर टिचभर ओरखडा उठला. मिस्त्रीनं डोळे मिटून घेतले. त्याचा रंग होता तो.

दर रविवारी एक सोहळा असे. मी स्टेशनवरून आलो की आधी पाय धुवायला पाणी, मग चहा, मग चिवडा, मग शेडमध्ये माझ्यासाठी खुर्ची. मामाजी दुसऱ्या खुर्चीवर. मिस्त्री उभा, कारण जावई काम करत असताना मिस्त्रीनं बसायचं नाही. एक निष्णात कारागीर, हातात काही नाही, उभा राहून एका प्राध्यापकाला स्क्रू खराब करताना बघतोय. मी त्याला शेडच्या भिंतीवर खडूनं आट्यांची आकृती काढून दाखवली. घर्षणाचा गुणांक म्हणजे काय ते समजावलं. तो म्हणाला, "हो साहेब." चाळीस वर्षं तो ज्याच्याशी रोज झटतोय त्याचं नाव मी त्याला सांगत होतो.

चौथ्या रविवारी बायको सोबत आली होती. तिनं अर्धा तास पाहिलं. माझ्या हातात तेव्हा ड्रिल होतं आणि ड्रिलची सुई त्या गुळगुळीत वाटीत बर्फावरच्यासारखी सगळीकडे फिरत होती, मध्यावर सोडून.

"तुमाले येत नाई त मिस्त्रीले करू द्या ना," ती म्हणाली. "बाबाचे दिवस चालले."

मी काही बोलण्याआधी मामाजी कडाडले. पण तिच्यावर. "तोंड सांभाळ. जवाई होय ते. आपल्या घरी येऊन मेहनत करून राहिले, अन् तू चारचौघात त्यायचा पाणउतारा करतं? हेच शिकवलं का तुले?" पन्नाशीची बाई, एका शाळेची उपमुख्याध्यापिका, मान खाली घालून घरात गेली. आणि मी? मला बरं वाटलं. हे लिहिताना लाज वाटते, पण तेव्हा बरं वाटलं. मी ड्रिल पुन्हा सुरू केलं.

परतीच्या गाडीत ती खिडकीकडे तोंड करून बसली. मूर्तिजापूर गेल्यावर मी तिला सांगायला लागलो की नाचता येईना अंगण वाकडं असा हा प्रकार नाही, स्क्रूचं पोलाद आणि खांबाचं पोलाद यांच्यात गंजामुळे एक रासायनिक बंध तयार झालाय. ती म्हणाली, "बंध तुमचा नाकाशी झाला." त्यानंतर तिनं हा विषय काढला नाही.

पाचव्या रविवारी पाऊस इतका होता की मी गेलोच नाही. मिस्त्री त्या दिवशीही शेडमध्ये येऊन बसला होता म्हणे, आणि संध्याकाळी उठून गेला. त्यानं स्क्रूला हात लावला नाही. मी फोनवर विचारून खात्री करून घेतली होती.

सहावा रविवार पोळ्याच्या आधीचा. या वेळी मी हुकमी अस्त्र नेलं. उलट्या आट्यांची एक कठीण पोलादाची मेख मिळते. स्क्रूच्या मध्यात भोक पाडायचं, ही मेख त्यात उलटी पिळायची, म्हणजे ती रुतते आणि स्क्रूला घेऊनच बाहेर येते. डबी सुरेख होती, आत मखमल. मिस्त्रीनं ती मेख हातात घेऊन पाहिली. त्याच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच भीती दिसली.

"साहेब, हे तुटलं त मंग ड्रिलबी लागत नाई. लय कडक असते हे."

"तुटायला हिच्यावर किती बल लागेल, ते मी काढलंय," मी म्हणालो. कागदावर काढलं होतं, खरंच. कागद खिशात होता.

या वेळी भोक बरोबर मध्यात पडलं. मेख रुतली. मी पिळलं, आणखी पिळलं, आणि मला जाणवलं की काहीतरी फिरतंय. "आला!" मी ओरडलो. मामाजी खुर्चीतून उठले. इतके पटकन उठले की खुर्ची मागे पडली. मग टक् असा आवाज झाला. मेख आतच तुटली होती. आता भोकही बुजलं होतं, आणि जे बुजलं होतं ते स्क्रूपेक्षा कठीण होतं.

मामाजींनी खुर्ची उचलून नीट ठेवली. "जेवून घ्या," ते म्हणाले. "तुमची गाडी चुकन."

पोळा झाला. तिसऱ्या दिवशी लायसन्स संपलं. बायकोनं सकाळी फोन केला तेव्हा मामाजी तिच्याशी पावसाबद्दल बोलले, सोयाबीनच्या भावाबद्दल बोलले. गाडीचं नाव त्यांनी काढलं नाही, तिनंही नाही. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, पण त्या दिवशी माझा गेला. एकदाचा. ज्या दिवशी त्याचा कुणाला काही उपयोग उरला नव्हता, अगदी त्या दिवशी.

पुढच्या रविवारी मी बायकोसोबत अकोल्याला गेलो आणि मिस्त्रीला म्हणालो, "तुम्ही काढा."

त्यानं पेटी उघडली. गोणपाट भिजवून खांबाला गुंडाळलं, रंग जळू नये म्हणून. स्क्रूच्या उरल्यासुरल्या डोक्यावर एक साधा नट ठेवला आणि नटाच्या भोकातून वेल्डिंग केलं. डोक्याला नट चिकटला. स्क्रू लाल झाला, मग काळा पडला. तेवढ्यात सासूबाईंनी चहा आणला, तो त्यानं सावकाश प्यायला. कप खाली ठेवला, नटाला पाना लावला, थोडा पुढे, थोडा मागे, पुन्हा थोडा पुढे. कुरकुरत, माझी मेख पोटात घेऊन, तिसरा स्क्रू बाहेर आला. सहा रविवार एका चहात निघाले.

मामाजी आत होते. मी मिस्त्रीला विचारलं, "हे तुम्हाला पहिल्या दिवशीच माहीत होतं?"

"हो."

"मग बोलला का नाही?"

तो पाना पुसत होता. "सरनं मना केलं होतं. तुमी गेले त्याच दिवशी मले म्हणे, जवाईचं मन मोडू नको. तो काढते म्हंते त काढू दे. मी म्हटलं, सर, तुमचं लायसन? त सर म्हणे, लायसनचं मी पाहून घेतो." मग पाना पेटीत ठेवत तो म्हणाला, "मी येत होतो दर रविवारी. म्हटलं, तुमी एखाद्या वेळेस म्हणान."

मला त्या वेळी आत जाऊन मामाजींच्या पाया पडावंसं वाटलं. त्याहून जास्त असं वाटलं की त्यांनी मला शेडमध्ये उभं करून, दूधवाल्याला देतात तशी शिवी द्यावी. बह्याडा म्हणावं. सत्तावीस वर्षांत मला त्या घरात कुणी घरचा समजलं नव्हतं, आणि मी त्याला मान म्हणत होतो.

मिस्त्रीनं नवी पट्टी बसवली. दार लागलं. त्या आवाजानं मामाजी बाहेर आले. इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता. त्यांनी दार दोनदा उघडलं, दोनदा लावलं, खांबावरच्या ओरखड्यावरून बोट फिरवलं. मग गाडीला वळसा घालून ते डावीकडे गेले, शेजारच्या सीटवर बसले आणि किल्ली माझ्याकडे केली.

"चला. तुमीच चालवा. तुमच्याच हातानं झाली."

बायको मागे बसली. मी चालवली. पातूरला पोचेपर्यंत मामाजी रस्ता सांगत होते, आता वळण येते, आता पूल येते, सगळं त्यांना न बघता ठाऊक होतं. त्यांचा उजवा हात मधूनमधून गिअरकडे यायचा आणि परत मांडीवर जायचा. मी सबंध वाटेत मनाशी जुळवत होतो की पोचल्यावर सांगायचं. मामाजी, चूक माझी. तुमचे सहा रविवार मी खाल्ले. एवढी दोन वाक्यं. मराठीत आहेत, अवघड नाहीत.

पातूरच्या स्टँडजवळ चहाला थांबलो. तिथे मामाजींच्या शाळेतले एक जुने शिक्षक भेटले. गाडीभोवती फिरले, हात लावून पाहिला, म्हणाले, "सर, ही तीच गाडी? नवीन करून टाकली!"

मामाजींनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्यांचा आवाज शाळेच्या मैदानावरच्यासारखा मोठा झाला. "हे आमचे जवाई. अमरावतीले प्रोफेसर आहेत. दाराचा एक स्क्रू असा फसला होता, असा फसला होता, का मिस्त्रीनं हात टेकले. यायनं काढला. सहा रविवार आले, घरचं काम सोडून."

"वा! वा!" शिक्षक माझ्याकडे वळले. "प्रोफेसर असून हातानं काम करता. आजकाल कोण करते असं?"

चहा अजून उकळत होता. वेळ भरपूर होता. बायको माझ्याकडे बघत होती, आणि त्या बघण्यात राग नव्हता, ती फक्त वाट बघत होती. मामाजींचा हात खांद्यावर तसाच होता.

"त्यात काय एवढं," मी म्हणालो.